बोल झेलणाऱ्यांचं गाव

१

अर्पिता देवतळे माणसांची भांडणं गोळा करायची. तिच्या प्रबंधाचं नाव अर्थातच असं नव्हतं. त्यात साक्षरता होती, वक्तृत्व होतं, निरनिराळ्या समाजांची तुलना होती, आणि ते सगळं एका दमात म्हणायला छाती भरून श्वास घ्यावा लागायचा. पण तिच्या आईने वणीत शेजारणीला सांगून टाकलं होतं की आमची पोरगी नागपूरले भांडणावर डॉक्टर होऊन राह्यली, आणि खरं सांगायचं तर आईचं वर्णन जास्त नेमकं होतं.

वणीच्या कोर्टाबाहेरचे वाद, कळंबच्या बचत गटातली धुसफूस, शाळांच्या वक्तृत्व स्पर्धा, कापूस विकायला आलेल्यांची हुज्जत, सगळं तिने रेकॉर्डरवर साठवलं होतं. शिकलेला माणूस मुद्दे मांडतो, अक्षर न शिकलेला माणूस गोष्ट सांगतो, आणि दोघांपैकी कुणीच समोरच्याचं ऐकत नाही, इथवर ती पोचली होती.

स्वतः अर्पिता बोलायला लागली की मागच्या बाकावरचेही गप्प व्हायचे. शाळेपासून ती बोलण्यावरच वर आली होती. घरात जमीन नव्हती, ओळखीपाळखी नव्हत्या, होता तो हा गळा. दिवाळीनंतर तिची तोंडी परीक्षा होती, आणि ती चांगली झाली तर विभागातली रिकामी जागा तिलाच, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी जवळजवळ कबूल केलं होतं. प्रबंधात एकच प्रकरण अपुरं होतं. त्या प्रकरणासाठी ती मुकुटबनच्या रस्त्याला आत असलेल्या खैरडोहला जाऊ लागली.

खैरडोह पूर्वी दुसरीकडे होतं. तिथे खाण आली आणि गाव उठून इथे बसलं. सरळ गल्ल्या, सारखी घरं, मधोमध पत्र्याचं समाजमंदिर. गावात सगळ्या जातीधर्माची माणसं होती आणि मोठ्या वयाच्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. आठवड्याच्या बैठकीत ती सगळी एका मोठ्या सतरंजीवर गोल करून बसत.

२

पहिल्याच बैठकीत अर्पिताला घबाड सापडलं.

बैठक नागोराव चालवायचे. ते गावातले जाणते, पांढऱ्या मिशांचे, बोलताना गुडघ्यावर थाप मारणारे. विषय पाण्याच्या टाकीचा होता. एक जण बोलला. त्याच्या शेजारचा लगेच आपलं घोडं पुढे दामटेल अशी अर्पिताची अपेक्षा होती. त्याने तसं केलं नाही. आधी पहिल्याचं सगळं बोलणं त्याने परत म्हणून दाखवलं.

"शाम म्हणते का टाकीले भेग पडली, पानी वाया जाऊन राह्यलं, अन् भेग बुजवाले मिस्तरी वणीहून आना लागते." मग शामकडे पाहून विचारलं, "बरोबर?"

शामने मान हलवली. तेव्हा कुठे त्याने स्वतःचं मत सांगायला सुरुवात केली.

याला ते 'झेलणं' म्हणत. आधीच्याचा बोल झेलल्याशिवाय आपला बोल टाकायचा नाही. अर्पिताने रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. झेललेलं वाक्य मूळ वाक्याशी जवळपास शब्दाला शब्द जुळत होतं. सेमिनारमध्ये शेजारी काय बोलला हे न ऐकता स्वतःचा पेपर चाळत बसणारे विद्वान तिला आठवले आणि ती एकटीच हसली. परीक्षकांपुढे हे कसं मांडायचं, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, तेसुद्धा तिने ठरवून टाकलं.

मात्र एका ठिकाणी गाडी अडत होती. नागोराव आणि त्यांच्या पलीकडे बसणाऱ्या म्हाताऱ्या रुपीबाई यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा मोकळी होती. नागोराव बोलून थांबले की लगेच रुपीबाई त्यांचं झेलत नसे. मंडळी गप्प व्हायची. कुणी खोकायचं नाही, पंखासुद्धा बंद करायचे. मग रुपीबाई मान वर करून म्हणायची, "थे म्हणते का टाकी आंदी आतून धुवा."

आणि तिचं झेलून झाल्यावर बैठक पुढे सरकायची.

त्या मोकळ्या जागेवर कुणी नव्हतं. कुणी बोललेलं नव्हतं.

३

संशोधक माणूस आधी दुसऱ्यावर संशय घेतो आणि मग यंत्रावर. अर्पिताने दोन्ही केलं. रेकॉर्डर तपासला, आवाज वाढवून ऐकला. त्या शांततेत लांबवरचा ट्रक होता, पत्र्यावर कावळ्याची नखं होती. बाकी काही नव्हतं.

"तिथं कोण बसतं?" तिने नागोरावांना विचारलं.

"जुनी रीत हाय, म्याडम. सोडा लागते जागा."

"म्हणजे गेलेल्या माणसांची आठवण?"

"तसंच लिहा ना तुमी. काय हरकत नाई."

हे 'तसंच लिहा' तिला खटकलं. तिने शामला विचारलं. तो म्हणाला, ती जुन्या गावाची जागा. तिसऱ्या कुणीतरी सांगितलं, पाहुण्यांसाठी ठेवतो. प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि प्रत्येक जण उत्तर देताना तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता, कोणतं तिला चालतं ते बघायला. दुकानदार गिऱ्हाइकापुढे एकेक लुगडं उलगडतो तशी ती उत्तरं पुढे येत होती. या लोकांना माझ्यापासून काहीतरी लपवायचं आहे, असं तिच्या मनाने घेतलं.

रुपीबाईने मात्र बनवाबनवी केली नाही. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"तुम्हाला खरंच ऐकू येतं, आजी?"

"ऐकू कायले येईन? तोंडात येते."

"काय येतं तोंडात?"

"थ्याचं बोलनं. आपलं नाई राहत थे. जिभीले समजते." शेंग मोडून तिने दाणे सुपात टाकले. "तुले नाई समजाचं. तू लय बोलते."

अर्पिताला राग आला आणि हसूही आलं. गावात घेतलेल्या खोलीवर परतल्यावर तिने सरांना फोन केला.

"अहो, साधी गोष्ट आहे," सर म्हणाले. "स्वतःची जबाबदारी न घेता बोलण्याची सोय आहे ती. कौल लावण्यासारखं. ज्याला त्या जागेशेजारी बसायचा मान, त्याच्या हाती गाव. कुणाचा फायदा होतो ते शोधा."

अर्पिताच्याही मनात नेमकं हेच होतं.

४

फायदा कुणाचा ते सापडायला वेळ लागला नाही, कारण तोटा कुणाचा ते समोरच बसलेलं होतं.

रुपीबाईच्या पलीकडे कौसल्या नावाची बाई बसे. पन्नाशीची, उंच, कपाळ मोठं. गाव उठवताना आलेल्या साहेबांपुढे हीच उभी राहिली होती, असं सगळे सांगत. तिचं भाषण ऐकून एका साहेबाने खुर्ची सोडली होती म्हणे. आता बैठकीत तिची पाळी येतच नव्हती. रुपीबाईचा बोल कौसल्याच्या अंगावरून पलीकडच्याने झेलायचा. चहाचा कप मात्र तिला सगळ्यांआधी मिळे. लोक तिच्याशी फार प्रेमाने वागत, आजाऱ्याशी वागावं तसं.

"तिचा बोल गेला," नागोराव म्हणाले.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"यवतमाळले नेलं, नागपूरले नेलं. गळा ठणठणीत हाय म्हणते."

गळा ठणठणीत होता हे अर्पितालाही दिसत होतं. कौसल्याचे ओठ सारखे हलत. ती पुटपुटते असं अर्पिताने पहिल्या दिवशी टिपून ठेवलं होतं. जवळून पाहिलं तेव्हा ते टिपण तिला बरोबर वाटेना. पुटपुटणाऱ्या माणसाच्या मानेच्या शिरा अशा ताठ होत नाहीत.

एका दुपारी ती कौसल्याच्या घरी गेली. खाट, पाण्याची घागर, खिडकीत वाळत घातलेल्या मिरच्या. कौसल्याने तिला पाहिलं मात्र, आणि अर्पिताची दोन्ही मनगटं घट्ट धरून ती बोलायला लागली. ओठ, जीभ, दात, सगळं भराभर हलत होतं. डोळ्यांत पाणी आलं. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आणि खोलीत आवाज होता तो फक्त श्वासाचा. खाणीत सुरुंग उडाला, घागरीवरची वाटी थरथरली, ते सगळं नीट ऐकू आलं. समोरची बाई ऐकू येत नव्हती.

अर्पिताने कागद पुढे केला. मग तिला आठवलं की कौसल्याला अक्षर येत नाही. कौसल्याने कागदाकडे पाहिलं, तो बाजूला सारला, समाजमंदिराच्या दिशेने बोट केलं आणि जोरजोरात नकाराची मान हलवली. पुन्हा बोट, पुन्हा मान.

बिचारीला पाळी देत नाहीत, अर्पिताच्या मनात आलं. बोलून जगणाऱ्या माणसाला गप्प बसवणं म्हणजे काय, ते तिच्याहून जास्त कुणाला कळणार होतं?

५

"कसा गेला तिचा बोल?" तिने रुपीबाईला खोदून खोदून विचारलं.

म्हातारी बराच वेळ टाळत राहिली. शेवटी म्हणाली, "थ्या जागेजवळ पहिले थेच बसे. एकदा गावात लय वाद झाला. इकडचं घर तिकडं जाईना, तिकडचं इकडं येईना. तवा कौसल्यानं आपल्या मनाचं सांगलं. थे म्हणते म्हून सांगलं. तोंडात आलं दुसरं, अन् तिनं सांगलं आपलं. गावाच्या भल्यासाठीच सांगलं बाई तिनं. सगळ्यायनं ऐकलं. वाद मिटला."

"आणि?"

"अन् मंग कौसल्या कोनाले ऐकू आली नाई."

दुसरं कुणी असतं तर इथे उठून बस पकडली असती. अर्पिता शिकलेली होती. तिला या गोष्टीत एकच वाक्य दिसलं: तिने आपल्या मनाचं सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. म्हणजे त्या जागेच्या नावावर वाटेल ते सांगता येतं! म्हणजे रुपीबाई सांगते ते नागोरावांनी पढवलेलं, आणि कौसल्याने न पढवलेलं सांगितलं म्हणून तिला वाळीत टाकलं. इतकी वाळीत, की बाईच्या गळ्याने धसका घेतला. धसक्याने वाचा गेल्याची उदाहरणं तिने वाचली होती. इतकं लख्ख जुळत होतं सगळं.

आणि यावर औषधही त्यातच होतं. जागेनेच वाचा घेतली असं कौसल्याच्या मनाने धरलं असेल, तर जागेनेच ती परत द्यायची. अर्पिता त्या जागेशेजारी बसेल, शांतता होऊ देईल, आणि म्हणेल, कौसल्याने बोलावं. गावाला ते झेलावंच लागेल. कौसल्या बोलेल. नागोरावांचं पितळ उघडं पडेल, आणि प्रबंधाला असा शेवट मिळेल की परीक्षक ऐकत राहतील.

तिने आरशासमोर उभं राहून त्या वाक्याचा सराव केला. कौसल्यानं बोलावं. 'बोलावं'वर किंचित भार.

६

"म्याडमले बसाचं हाय तिथं," रुपीबाईने पुढच्या बैठकीत सांगितलं; अर्पिताने तिला आधीच तशी गळ घातली होती.

अर्पिताने वाद घालायची पूर्ण तयारी केली होती. वादच झाला नाही. नागोरावांनी मिशीवरून हात फिरवला, मंडळींकडे पाहिलं, मंडळींनी एकमेकांकडे.

"बसू द्या," ते म्हणाले. "शिकलेली हाय. समजते तिले."

इतक्या सहज? तिच्या मनात पाल चुकचुकली. यांना तर हेच हवं नव्हतं ना? पण रुपीबाई उठलीसुद्धा होती. गुडघ्यावर हात टेकत ती कौसल्याच्या पलीकडे जाऊन बसली आणि वाकून म्हणाली, "तोंडात येईन थेच सांगजो, पोरी. दुसरं नको सांगजो."

आता क्रम असा झाला: नागोराव, मोकळी जागा, अर्पिता, तिच्या शेजारी कौसल्या, मग रुपीबाई. अर्पिताने मांडी घातली. कौसल्याने तिची ओढणी धरली आणि जिवाच्या आकांताने ओढली. ओठ हलत होते. अर्पिताने तिचा हात हळूच सोडवून थोपटला.

"घाबरू नका, बाई. आज तुमचीच पाळी आहे."

रेकॉर्डर समोर ठेवला. पडद्यावर आवाजाची रेघ नाचू लागली. नागोरावांनी रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय काढला, मोजकंच बोलून ते थांबले. कुणीतरी पंखा बंद केला.

शांतता बाहेरून पाहणं आणि शांततेत बसणं यात फरक असतो. दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं. सतरंजीचे पट्टे दिसत होते, निळा, लाल, निळा. मग तिच्या मांडीखालची सतरंजी जराशी डावीकडे ओढली गेली, शेजारी कुणी बसकण मारल्यावर ओढली जाते तशी. तिने मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून फक्त एवढं दिसलं की मोकळ्या जागेवरचे पट्टे आता सरळ नव्हते. ते मध्ये दबले होते.

माझं वजन, तिने स्वतःला सांगितलं. मीच हलले असेन.

आणि तिच्या तोंडात वाक्य आलं.

रुपीबाईने सांगितलं होतं त्याहून वेगळं काही नव्हतं त्यात. ऐकू आलं नाही. जिभेवर आलं, तयार, कोमट, दुसऱ्या कुणी चावून ठेवलेल्या घासासारखं. तिच्या भाषेतलं नव्हतं ते. ही भाषा तिने वणीच्या शाळेतच मागे टाकली होती. 'हे बाई इथं कायले आली, इचारा तिले.'

एवढंच होतं ते. साधा प्रश्न. म्हटला असता तर उत्तर देऊन मोकळी झाली असती. पण ती भीतीने गारठली होती, आणि घाबरलेला माणूस सराव केलेलंच बोलतो. तिने तो घास गिळला, आवंढ्यासकट. आणि आपल्या सुंदर, स्वच्छ, बक्षिसं मिळवलेल्या आवाजात म्हणाली,

"ते म्हणतं, कौसल्यानं बोलावं."

७

कौसल्याच्या गळ्यातून आधी नुसता खरखराट आला, वापरात नसलेल्या नळातून येतो तसा. रुपीबाईने तोंडावर पदर घेतला. शाम उठून उभा राहिला. मग आवाज आला. जाड, फुटका, पण आवाज. समाजमंदिरात हुंदके ऐकू आले. एक म्हातारा भिंतीला कपाळ टेकून रडायला लागला.

अर्पिताचा जीव भांड्यात पडला. सतरंजी, दबलेले पट्टे, जिभेवरचा घास, सगळं त्या आनंदात विरघळून गेलं. तिचं बरोबर होतं! पहिल्यापासून बरोबर होतं. तिने नागोरावांकडे वळून बोलायला सुरुवात केली. कौसल्याबाईंवर तुम्ही किती अन्याय केलात, माणसाला बोलू न देणं ही केवढी हिंसा आहे, आणि ते वाक्य तिथून आलं नव्हतं, मी ठरवून आणलं होतं. ती छान बोलली. मुद्दे ओळीने मांडले, जिथे थांबायचं तिथे थांबली.

नागोराव तिच्याकडे पाहत नव्हते. कुणीच पाहत नव्हतं. चिडलेत, तिला वाटलं. तिने आवाज चढवला. शेजारून जाणाऱ्या बाईने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला, सगळ्यांआधी, आणि जाता जाता तिच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला.

अर्पिताने रेकॉर्डरकडे पाहिलं. लोकांचे हुंदके पडद्यावर उमटत होते. म्हाताऱ्याचं रडणं उमटत होतं. मग क्षणभर सगळे शांत झाले, आणि ती एकटीच बोलत होती, घसा ताणून, पूर्ण ताकदीने बोलत होती. पडद्यावरची रेघ सरळ होती.

"बोल, कौसल्ये," नागोराव म्हणाले. "तुही पाळी."

कौसल्याने रीत सोडली नाही. डोळे पुसले, आधीचा बोल झेलला. "हे म्हणते का, कौसल्यानं बोलावं." मग तिने अर्पिताकडे तोंड केलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. इतकी कीव अर्पिताने कुणाच्या नजरेत पाहिली नव्हती.

"पोरी," ती म्हणाली, "मी तुले रोज सांगून राह्यली होती. घरी आली तवा सांगलं. आत्ता ओढणी धरून सांगलं. नको बसू तिथं. गळा फाडून सांगून राह्यली होती वं मी तुले."

"मग आता मी काय करू?" अर्पिताने विचारलं. प्रत्येक शब्द सुटा, स्पष्ट उच्चारला तिने. "बाई, तुम्हाला तरी ऐकू येतंय ना?"

कौसल्या तिच्या ओठांकडे पाहत राहिली, नीट निरखून, अक्षर न येणारा माणूस छापील कागदाकडे पाहतो तशी. मग तिने मान खाली घातली.

पलीकडे रुपीबाईने अदबीने क्षणभर वाट पाहिली, कुणाचं काही राहिलं तर नाही म्हणून. मग ती कौसल्याचा बोल झेलू लागली.